सीडी४ गणना : कमी खर्चाच्या पद्धती

एचआयव्हीबाधिताच्या रक्तात सीडी४ प्रकारच्या टी-लसिका पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) किती उरल्या आहेत, हे मोजणारी चाचणी. विषाणू याच पेशी मारतो. निरोगी प्रौढाच्या एक घन मिलिमीटर रक्तात त्या साधारण ५०० ते १,५०० असतात. २००च्या खाली घसरल्या की न्यूमोसिस्टिस न्यूमोनिया, क्रिप्टोकॉकसचा मेंदूज्वर असे संधिसाधू, म्हणजे प्रतिकारशक्ती खचली की डोके वर काढणारे, आजार गाठतात. क्षयरोग मात्र आकडा बरा असतानाही होतो, आणि मुंबईत हे विसरून चालत नाही.

फ्लो सायटोमेट्री ही मोजणीची प्रमाण पद्धत. चकाकणारा रंग लावलेली प्रतिपिंडे पेशींना चिकटवतात आणि पेशी एकेक करून लेझरसमोरून सोडतात. यंत्र महाग, खोली वातानुकूलित हवी, रसायने फ्रिजमध्ये, चालवणारा तंत्रज्ञ मुरलेला. त्यातून पूर्वी लसिका पेशींतली सीडी४ची टक्केवारी एका यंत्रावर आणि एकूण लसिका पेशी दुसऱ्या यंत्रावर मोजून गुणाकार करत; दोन्हींच्या चुका त्यात उतरत. रक्तात ठराविक संख्येचे सूक्ष्म मणी मिसळून थेट मोजणारी फॅक्सकाउंटसारखी यंत्रे आली आणि हा द्राविडी प्राणायाम संपला. पिमा हे छोटे यंत्र बोटाच्या टोकावरचा थेंब घेते, कॅमेऱ्याने पेशी टिपते आणि सुमारे २० मिनिटांत आकडा देते. व्हिझिटेक्ट पट्टीला यंत्रच लागत नाही. ती आकडा सांगत नाही. २००च्या वर की खाली, एवढेच दाखवते. डॉक्टरला त्या दिवशी तेवढेच हवे असते, हे ओळखले गेले तिथेच खरी बचत झाली.

भारतात मोफत एआरटी (एचआयव्हीला रोखणाऱ्या औषधांचा उपचार) १ एप्रिल २००४ रोजी सुरू झाली. पहिल्या केंद्रांत भायखळ्याचे जे. जे. रुग्णालय होते. त्या काळी गोळ्या कोणाला द्यायच्या, हे बहुतांशी सीडी४च्या आकड्यावर, म्हणजे काउंटवर, ठरे. २०१७ पासून काउंट कितीही असो, निदान झाले की औषध सुरू करतात, आणि उपचार लागू पडतोय का हे आता व्हायरल लोडवरून, म्हणजे रक्तातल्या विषाणूच्या प्रमाणावरून, पाहतात. म्हणून सीडी४ बाद झाली असे समजणे चूक आहे. उशिरा आलेला किंवा गोळ्या सोडून परतलेला रुग्ण किती धोक्यात आहे, संधिसाधू आजार टाळणारे कोट्रायमॉक्साझोल द्यायचे का, हे तिच्यावरून कळते.

सरकारी केंद्रात चाचणी फुकट असली तरी विरार-कल्याणहून लोकलने येणाऱ्या रोजंदाराचा खाडा होतोच. अहवालासाठी पुन्हा बोलावले की दुसरा. जागीच निकाल देणाऱ्या चाचण्यांचा हिशेब करताना हा खर्च बहुधा कोणी धरत नाही.

नमुन्याची नळी जांभळ्या झाकणाची, रक्त गोठू न देणारे ईडीटीए घातलेली. रक्त घेतल्यावर ती हलकेच उलटसुलट करतात. जोरात हलवायची नाही. बर्फात ठेवायची नाही, मे महिन्यात तापलेल्या गाडीतही नाही. नमुना सहसा ४८ तासांच्या आत मोजावा लागतो. सीडी४ सकाळी कमी आणि संध्याकाळी जास्त भरतात, सर्दी-तापातही उतरतात. त्यामुळे एका अहवालाने हबकून जाण्यात अर्थ नाही, लागोपाठचे आकडे पाहावेत.

पाच वर्षांखालील मुलांत पेशींची संख्या मुळातच जास्त असते आणि वयानुसार बदलते, म्हणून टक्केवारी पाहण्याची पद्धत आहे. ती पिमा देत नाही, पट्टीही देत नाही. मुलांचा नमुना प्रयोगशाळेतच पाठवावा लागतो.