उलटा झोपणारा पोपट

फेब्रुवारीत पांगारा फुलला की त्यावर मैना, बुलबुल आणि सूर्यपक्ष्यांची झुंबड उडते. आंबोलीपासून गोव्याच्या घाटापर्यंत कुठेही अशा झाडाखाली सकाळी थांबावं. त्या गलक्यातून बारीक, चिरकी 'ची-ची-ची' ऐकू आली की लटकन जवळपास आहे असं समजावं. तो दिसण्याआधी बहुतेक वेळा ऐकूच येतो.

लटकन पोपट (लोरिक्युलस व्हर्नॅलिस) जेमतेम 14 सेंटिमीटरचा, म्हणजे चिमणीहूनही किंचित लहान. अंग गवती हिरवं, शेपटी आखूड, चोच लाल. कंबरही लालभडक, पण बसल्यावर मिटलेल्या पंखांखाली ती बरीच झाकली जाते आणि पक्षी पानांत हरवतो. नराच्या गळ्यावर निळा ठिपका असतो, मादीच्या गळ्यावर तो नसतो किंवा अगदी पुसट असतो. पर्णपक्षीही हिरवा आणि त्याच फुलांवर येणारा, त्यामुळे इथे हमखास फसगत होते. अशा वेळी चोच पाहावी: पर्णपक्ष्याची काळी आणि लांबट, याची लाल आणि आकडीसारखी.

दोन बोटं पुढे, दोन मागे अशा पायांच्या पकडीवर तो फांदीला उलटा लोंबकळून फुलांतला मध पितो. उंबर-वडाची फळं आणि पेरूचा गरही खातो. माडाच्या ताडीची तर त्याला विशेष ओढ. रात्री झोपतोही वटवाघळासारखा उलटाच, म्हणून तर नाव लटकन.

पण खरं नवल घरट्याचं आहे. जानेवारी ते एप्रिलमध्ये अरुंद तोंडाच्या ढोलीत मादी साधारण तीन पांढरी अंडी घालते. ढोलीत अंथरायला ती पानाच्या कडेने चोचीने कातरत जाते, लांबट पट्टी काढते आणि मान वळवून ती कमरेच्या पिसांत खोचते. अशा पट्ट्या खोचून झाल्या की ढोलीकडे उडते. आफ्रिकेतले लव्हबर्ड हे लटकनचे जवळचे नातेवाईक, आणि त्यांच्यातल्याही काही जाती असंच करतात. बाकीच्या चोचीतून पट्टी नेतात. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात विल्यम डिल्गर यांनी या दोन प्रकारांचा संकर केला, तेव्हा संकरित पक्षी पुरते गोंधळले. पट्टी पिसांत खोचायला जायचे, पण ती नीट बसायची नाही, नाहीतर चोचीतून सुटायचीच नाही. पुढे ते चोचीने नेऊ लागले, तरी मागे मान वळवायची खोड राहिलीच. खोचण्याची ही लकब पिल्लू आईकडे बघून शिकत नाही, ती रक्तातच असते, हे त्यातून दिसलं.

जागतिक पातळीवर ही जात आज संकटग्रस्त नाही. मात्र 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार लटकन पकडणं किंवा पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे. शिवाय मध आणि मऊ फळांवर जगणाऱ्या या जिवाला डाळ-मिरची मानवतही नाही. बागायतीत एखादं जुनं, पोकळ झाड असेल तर ते 'वठलं' म्हणून तोडू नये. लटकनला स्वतः ढोली कोरता येत नाही.