घटस्फोटासाठी आमच्याकडे येणाऱ्या पक्षकारांना

पहिल्या भेटीत माणूस इतक्या ताणाखाली असतो की आम्ही सांगितलेले निम्मे डोक्यावरून जाते. म्हणून हे पत्रक घरी नेऊन सावकाश वाचण्यासाठी देतो. वकिलांनी जाहिरात करू नये असा बार कौन्सिलचा नियम आहे. त्यामुळे 'शंभर टक्के निकाल' किंवा 'झटपट घटस्फोट' असले काही यात सापडणार नाही. कोणी तसे सांगत असेल तर जपून राहा.

इथली माहिती मुख्यतः हिंदू विवाह कायदा, १९५५ प्रमाणे झालेल्या लग्नांबद्दल आहे. बौद्ध, जैन आणि शीख धर्मीयांनाही तोच कायदा लागू होतो. विशेष विवाह कायदा, १९५४ खाली लग्न झाले असेल तर कलमे बदलतात. मुस्लिम, ख्रिस्ती आणि पारशी विवाहांचे कायदे वेगळे आहेत, त्याबद्दल समक्ष बोलू. एक गल्लत नेहमी होते. विधिवत लग्न लावून नंतर त्याची नोंदणी केलेली असते आणि पक्षकार सांगतात, "आमचं कोर्ट मॅरेज आहे," म्हणजे विशेष विवाह कायद्याखालचे. प्रमाणपत्र आणा, त्यावर कोणता कायदा लिहिला आहे ते आम्ही पाहू.

पहिली भेट

लग्न कुठे झाले, शेवटचे एकत्र कुठे राहत होता, वेगळे कधीपासून राहता, हे आम्ही तारीखवार विचारतो. दावा कोणत्या न्यायालयात चालेल हे त्यावर ठरते. लग्न जिथे लागले, दोघे शेवटचे जिथे एकत्र राहिले किंवा समोरची व्यक्ती जिथे राहते तिथे दावा लावता येतो. पत्नी दावा करत असेल तर ती सध्या राहते तिथेही. कौटुंबिक न्यायालय नसेल तिथे प्रकरण वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांपुढे चालते. लग्नाला वर्ष झाले नसेल, तर फारच असाधारण परिस्थिती वगळता दावा दाखल होत नाही.

आई-वडील, भाऊ, मामा यांना जरूर सोबत आणा. पण त्यातला काही वेळ आम्ही तुमच्याशी एकट्याशी बोलतो आणि मामांना बाहेर बसावे लागते. याचा राग येतो, याची कल्पना आहे. तरी मोठ्यांसमोर जी गोष्ट तोंडातून निघत नाही, तीच पुष्कळदा प्रकरणाचा गाभा असते. दुसरे नाते, न सांगितलेले कर्ज, जुनी पोलिस तक्रार, काही असो, आम्हाला सांगा. वकिलाला विश्वासाने सांगितलेले बाहेर जाऊ नये याची तजवीज कायद्यातच आहे. मात्र तीच गोष्ट उलटतपासणीत समोरच्या वकिलाकडून आम्हाला पहिल्यांदा कळली, तर सावरणे कठीण जाते.

येताना लग्नपत्रिका, लग्नाचे फोटो, पगाराच्या स्लिपा, आयकर विवरणपत्रे, बँकेची खातेपुस्तके आणि मुलांचे जन्मदाखले आणा. फोनमधले मेसेज पुसू नका. नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत ठरावीक प्रमाणपत्र जोडावे लागते. ते काम आमचे, पण मूळ मेसेज फोनमध्ये राहिला पाहिजे.

घरात मारहाण होत असेल तर घटस्फोटाचे कागद नंतर. आधी घरगुती हिंसाचार कायदा, २००५ खाली संरक्षणाचा आणि राहत्या घरातून बाहेर न काढण्याचा आदेश मागता येतो. घटस्फोटाचा दावा लावायचाच असे बंधन त्यासाठी नाही.

स्टँपपेपरवरची फारकत

नोटरीसमोर स्टँपपेपरवर सह्या करून 'आता आमचा संबंध संपला' असे मानणारी जोडपी अजूनही येतात. दुसरे लग्न ठरल्यावर येतात, ही खरी अडचण. अशा फारकतनाम्याने हिंदू विवाह मोडत नाही. त्या भरवशावर केलेले दुसरे लग्न रद्दबातल ठरते, वर फौजदारी गुन्हा. काही समाजांत काडीमोडाची रूढी आहे आणि कायदा तिला जागा देतो, पण ती रूढी न्यायालयात पुराव्याने शाबीत करावी लागते. कागद झाला असला तरी आमच्याकडे आणा. वेगळे राहण्याच्या तारखेचा पुरावा म्हणून तो कामी येऊ शकतो.

संमतीने की दावा लढून

परस्पर संमतीचे कलम १३-ब हे १९७६ च्या दुरुस्तीने आले. दोघे किमान वर्षभर वेगळे राहत असले पाहिजेत. वेगळे म्हणजे पती-पत्नी म्हणून एकत्र न राहणे. एकाच घरात दोन खोल्यांत राहणारी जोडपीही यात बसू शकतात. दोघांनी मिळून अर्ज केल्यावर सहा महिने थांबायचे आणि अठरा महिन्यांच्या आत पुन्हा न्यायालयासमोर येऊन 'आमचे म्हणणे कायम आहे' असे सांगायचे. २०१७ साली अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हे सहा महिने माफ होऊ शकतात. त्यात घातलेल्या अटींचा सारांश असा: अर्जाआधीच साधारण दीड वर्षाचा दुरावा हवा, समेटाचे प्रयत्न फसलेले हवेत आणि पोटगी, मुले वगैरे सगळे ठरलेले हवे. माफी हक्काने मिळत नाही, न्यायाधीशांना पटावी लागते.

हुकूमनामा (घटस्फोटाचा अंतिम आदेश) होईपर्यंत कोणीही संमती मागे घेऊ शकतो. म्हणून सगळी रक्कम पहिल्या दिवशी देऊन मोकळे होऊ नका. घेणाऱ्यानेही सगळे शेवटावर ठेवू नये. काही भाग पहिल्या अर्जाच्या वेळी आणि उरलेला दुसऱ्या वेळी न्यायालयातच डिमांड ड्राफ्टने, असे आम्ही ठरवून घेतो.

समोरचा तयार नसेल तर क्रूरता, सलग दोन वर्षे सोडून जाणे, व्यभिचार, धर्मांतर अशा कलम १३ मधल्या कारणांपैकी एखादे सिद्ध करावे लागते. 'आमचं पटत नाही' हे त्या यादीत नाही. २०२३ च्या शिल्पा शैलेश निकालाची बातमी वाचून पक्षकार येतात. लग्न पुरते मोडले आहे एवढ्यावर घटस्फोट देण्याचा तो अधिकार संविधानाच्या अनुच्छेद १४२ खाली फक्त सर्वोच्च न्यायालयाला आहे, तुमच्या जिल्ह्याच्या न्यायालयाला नाही. लढून मिळवायच्या घटस्फोटाला वर्षे जातात. आधी वाटाघाटी करून बघू, असे आम्ही म्हणतो ते घाबरून नव्हे.

अटी लिहिण्याचे काम

आमच्या फीतला सर्वांत मोलाचा भाग कोणता असे विचाराल तर संमतीच्या अटींचा मसुदा, असे आम्ही सांगू. घटस्फोट झाल्यावर लोक पुन्हा न्यायालयाची पायरी चढतात ते बहुतेक ढिसाळ लिहिलेल्या अटींमुळे.

उदाहरण घ्या. 'वडील मुलाला वेळोवेळी भेटू शकतील.' वाचायला बरे वाटते, अंमलात मात्र दर आठवड्याला भांडण. आम्ही असे लिहितो: दुसऱ्या व चौथ्या शनिवारी सकाळी दहाला वडील इमारतीच्या फाटकाशी येतील आणि रविवारी संध्याकाळी सहाला तिथेच आणून सोडतील. मूल आजारी असेल तर पुढचा शनिवार. मोठ्या सुट्टीचा पहिला अर्धा भाग एकाकडे, दुसरा दुसऱ्याकडे. दिवाळी एक वर्ष इकडे, एक वर्ष तिकडे. रोज ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉल. हे वाचताना पक्षकारांना हसू येते, 'इतकं कशाला?' म्हणतात. एकमेकांशी फोनवर चार वाक्येही न बोलता पाळता येईल, अशी अट आम्हाला हवी असते.

'शिक्षणाचा खर्च वडील करतील' हेही तसेच. शाळेची फी, की क्लास आणि बससुद्धा? बारावीनंतर काय? फी कोणी भरायची आणि पावती कोणाला द्यायची? मुलाच्या पासपोर्टला आणि परदेश प्रवासाला दुसऱ्या पालकाची संमती कशी मिळेल, हेही लिहून घ्यावे. मुलाचा स्वतःचा पोषणाचा हक्क आई-वडिलांनी आपसांत सोडून देता येत नाही, त्यामुळे 'यापुढे मुलासाठी काही मागणार नाही' असे वाक्य आम्ही घालत नाही.

गृहकर्जात दोघांची नावे असतील तर नीट लक्ष द्या. 'यापुढे हप्ते पती भरतील' अशी अट तुम्हा दोघांवर बंधनकारक आहे, बँकेवर नाही. हप्ता थकला की बँक दोघांच्या मागे लागते. बँकेकडून नाव कमी करून घेणे, कर्ज दुसरीकडे वळवणे किंवा घर विकून फेडणे, यातले एक आधीच ठरवावे. पतीने किंवा सासरच्यांनी छळ केल्याबद्दल कलम ४९८-अ (आता भारतीय न्याय संहितेचे कलम ८५) खाली गुन्हा नोंदला असेल तर तो आपसांत मिटला म्हणून आपोआप बंद होत नाही. उच्च न्यायालयातून रद्द करून घ्यावा लागतो, आणि त्यासाठी तक्रारदार प्रतिज्ञापत्र देईल ही अट तारखेसह लिहावी लागते.

संमतीच्या प्रकरणात दोघांनी मिळून एकच वकील करण्याची पद्धत आहे. कायदा आड येत नसला तरी आम्हाला ती पसंत नाही. दुसऱ्या बाजूने निदान मसुदा तरी स्वतंत्र वकिलाकडून वाचून घ्यावा असे आम्ही कळवतो.

पोटगी

दावा चालू असताना अंतरिम पोटगी पती किंवा पत्नी कोणीही मागू शकते. ठरलेला आकडा कायद्यात नाही. रजनेश विरुद्ध नेहा या २०२० च्या निकालानंतर दोन्ही बाजूंना उत्पन्न, मालमत्ता, कर्जे आणि खर्चाचे सविस्तर शपथपत्र द्यावे लागते. हे भरताना आम्ही पक्षकाराला खातेपुस्तक घेऊन समोर बसवतो. फिक्स्ड डिपॉझिट, शेतीचे उत्पन्न, आईच्या नावावर फिरवलेले पैसे, सगळे विचारतो. लपवलेली रक्कम उघडी पडली की न्यायाधीश बाकीच्या शब्दांवरही विश्वास ठेवत नाहीत. स्त्रीधन पोटगीत धरू नका. ते पत्नीचेच आहे, वेगळी यादी करून परत मागायचे.

न्यायालयात

कौटुंबिक न्यायालय कायदा, १९८४ प्रमाणे वकील हा हक्क नाही, परवानगी लागते. ती आम्ही मागतो. विवाह समुपदेशकांच्या खोलीत मात्र तुम्हालाच जायचे असते. तिथे समेटाचा प्रयत्न होतो, त्याला अपमान समजू नका. सुनावणी बंद दालनात व्हावी अशी विनंती करता येते. मुलांच्या ताब्याबाबत मुलाचे हित सर्वांत वर. पाच वर्षांखालचे मूल सहसा आईकडे राहते, पण तो अढळ नियम नाही. मुलाला पढवून आणू नका, न्यायाधीशांना ते लगेच कळते.

फी

प्रकरण घेताना, अटी ठरताना आणि हुकूमनामा झाल्यावर, अशा टप्प्यांनी फी घेतो आणि तसे लेखी देतो. पोटगीच्या रकमेत टक्केवारी घेत नाही. निकालावर अवलंबून फी ठरवणे वकिलाला वर्ज्यच आहे. महिलांना उत्पन्न कितीही असले तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. आमची फी परवडत नसेल तर मोकळेपणाने सांगा, अर्ज कुठे करायचा ते दाखवू.

हुकूमनामा झाल्यावर

सहीशिक्क्याच्या नकला दोन-तीन काढून ठेवा, पासपोर्टपासून बँकेपर्यंत त्या लागतात. विमा, भविष्यनिर्वाह निधी आणि बँक खात्यांवरचे नामनिर्देशन आपणहून बदलत नाही, ते त्याच आठवड्यात बदला. दावा लढून निकाल लागला असेल तर अपिलाची मुदत संपेपर्यंत, आणि अपील झाले असेल तर ते निकाली निघेपर्यंत, पुन्हा लग्न करू नका. ठरलेली रक्कम थकली किंवा भेटी अडवल्या गेल्या तर नवा दावा लागत नाही, त्याच न्यायालयात दरखास्त (हुकूमनाम्याची अंमलबजावणी करून घेण्याचा अर्ज) दाखल होते. त्यासाठी रक्कम खात्यात न आल्याचा उतारा, चुकलेल्या भेटींच्या तारखा आणि त्या दिवशीचे मेसेज घेऊन या.