गिरण्यांची जमीन, टॉवर आणि तुळशी पाइप रोड

मुंबईत पश्चिम रेल्वेच्या रुळांना लागून जाणाऱ्या सेनापती बापट मार्गाला परळचे जुने रहिवासी अजूनही तुळशी पाइप रोडच म्हणतात, कारण तुळशी तलावाचे पाणी शहरात आणणारी जलवाहिनी याच वाटेने गेली. गिरण्या चालू होत्या तेव्हा भोंगा झाला की कामगार आसपासच्या चाळींतून चालत पाळीवर येत. त्यामुळे माणसे हजारो असली, तरी रस्त्यावर वाहनांचा भार फारसा नसे.

१८ जानेवारी १९८२ रोजी कामगार नेते डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले आणि त्यानंतर बऱ्याच गिरण्या पुन्हा धड उभ्या राहिल्याच नाहीत. उरली ती जमीन, सुमारे ६०० एकर. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने तिचे तीन वाटे ठरवले होते: एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला (राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाला) घरांसाठी आणि एक मालकाला. २००१ मध्ये मात्र नियम बदलून ही वाटणी केवळ आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती ठेवण्यात आली. शेड पाडून रिकामी होणारी जमीन त्यातून वगळली गेली. या रस्त्यावरच्या आजच्या कोंडीचे मूळ, माझ्या मते, या एका दुरुस्तीत आहे. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये संपूर्ण जमीन वाटणीत धरावी असा निकाल दिला, पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि टॉवरांचा मार्ग मोकळा झाला.

कार्यालये आली, त्यांच्याबरोबर लाखो नोकरदार आले. स्टेशनांचे पूल आणि जिने मात्र पूर्वीचेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी अचानक पाऊस आल्याने एल्फिन्स्टन रोड (आताचे प्रभादेवी) स्टेशनाच्या अरुंद जिन्यावर माणसे थबकली आणि चेंगराचेंगरीत २३ जणांचे प्राण गेले. त्यांतले बरेच जण कामावर निघालेले होते, हे विसरता येत नाही. नंतर लष्कराने तिथे नवा पादचारी पूल बांधला. पुढच्याच वर्षी लोअर परळचा डिलाइल रोड पूल धोकादायक ठरवून बंद करण्यात आला, तो पूर्णपणे खुला व्हायला २०२३ उजाडले.

बांधकाम अजून संपलेले नाही. ऐन गर्दीच्या वेळी एखाद्या साइटच्या फाटकात काँक्रीटचा मिक्सर उलटा शिरू लागतो, लाल झेंडी धरलेला रखवालदार दोन्ही बाजूंची वाहने थांबवतो, आणि फूटपाथवर पत्रे ठोकलेले असल्याने स्टेशनाहून आलेली माणसे बसच्या चाकांशेजारून एकामागे एक पुढे सरकत राहतात.