अंगावरचं पित्त पोटातून येत नाही

नौपाड्यातल्या आमच्या शेजारच्या काकूंच्या हातावर परवा चट्टे उठले, मधे फिकट, कडेला लाल. आमसुलाचं पाणी चोळता चोळता निदानही झालं: 'ॲसिडिटी झाली, पित्त बाहेर पडतंय.' तसं नसतं हो! त्वचेतल्या मास्ट पेशी, म्हणजे शरीराच्या संरक्षणातल्या पेशी, हिस्टामिन नावाचं रसायन सोडतात, बारीक रक्तवाहिन्या पाझरतात आणि चट्टा फुगतो. हिस्टामिन पेशींवरच्या ज्या जागांना चिकटतं, त्यांना ग्राहक (रिसेप्टर) म्हणतात; डॉक्टरांची गोळी त्यातला एच-१ हा ग्राहक अडवते, म्हणून खाज थांबते.

पण हिस्टामिन नुसतं आग लावत नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. एच-४ या दुसऱ्या ग्राहकाला चिकटलं, तर इओसिनोफिल या पांढऱ्या रक्तपेशी तिकडे ओढल्या जातात. एच-२ ला चिकटलं, तर न्यूट्रोफिल आणि टी पेशी या पांढऱ्या रक्तपेशी उलट आवरतं घेतात. ओठ-जीभ सुजली, श्वास अडकला, तर मात्र आमसूल ठेवा बाजूला, थेट हॉस्पिटल गाठा.