स्थलांतर आणि अभिव्यक्तिसंस्कृती

गाणे, नाच, वादन, कथाकथन, म्हणी, विधी, वेशभूषा, गोंदण, भिंतीवरचे रंगकाम अशा व्यवहारांतून समाज आपल्या भावना व मूल्ये प्रकट करतो. सांस्कृतिक मानवशास्त्रात या साऱ्यांना मिळून अभिव्यक्तिसंस्कृती म्हणतात. माणसे देश सोडतात तेव्हा तिचे काय होते, हा या नोंदीचा विषय आहे. ‘त्यांनी संस्कृती सोबत नेली’ असे सरसकट म्हटले जाते, पण ते विधान सैल आहे. सोबत जाते ते मुख्यतः कौशल्य आणि पाठांतर. वाद्य, जागा, ऋतू आणि जाणकार श्रोते बहुधा मागेच राहतात.

या प्रश्नाची शास्त्रीय मांडणी विसाव्या शतकातली. रॉबर्ट रेडफील्ड, राल्फ लिंटन आणि मेलव्हिल हर्स्कोविट्स यांनी १९३६ मध्ये संस्कृतिसंक्रमणाची व्याख्या केली : दोन गटांचा सतत, प्रत्यक्ष संपर्क आल्यावर कोणत्याही एका गटाच्या किंवा दोन्ही गटांच्या मूळ घडणीत होणारे बदल. फर्नांदो ओर्तिस यांनी १९४० मध्ये क्यूबाच्या अनुभवावरून ‘ट्रान्सकल्चरेशन’ ही संज्ञा मांडली. काही गमावणे आणि काही नवे घडणे या दोन्ही बाजू तिच्यात येतात. गुलामगिरीने अमेरिकेतील काळ्या लोकांचा आफ्रिकी वारसा जवळजवळ पुसला, असे समाजशास्त्रज्ञ ई. फ्रँकलिन फ्रेझियर यांचे मत होते. हर्स्कोविट्स यांनी ते अमान्य केले. पुढे सिडनी मिंट्झ आणि रिचर्ड प्राइस यांनी वादाचा रोखच बदलला. सुटे अवशेष मोजण्यापेक्षा त्यांमागची समान धारणा आणि नव्या जागी घडलेल्या संस्था पाहाव्यात, असे त्यांनी सुचवले. आजही हीच दिशा अधिक उपयुक्त ठरते.

काय टिकते हे परंपरेच्या वयावर ठरत नाही. कोण गेले, किती जण एकत्र राहिले आणि प्रसंग पुन्हा जुळला का, यावर ते ठरते. १८४५ ते १९१७ या काळात सुमारे १,४४,००० भारतीय करारबद्ध मजूर कॅरिबियन समुद्रातील त्रिनिदाद बेटावर गेले. त्यांत स्त्रिया कमी होत्या. शंभर पुरुषांमागे चाळीस स्त्रिया हे प्रमाणही नियम करून राखावे लागे. तरीही लग्नातली बायकांची गाणी टिकली, कारण लग्ने होतच राहिली. मॉरिशसमधील भोजपुरी ‘गीत-गवई’ याचे चांगले उदाहरण आहे. वधूच्या किंवा वराच्या घरी पाच सुवासिनी हळद, तांदूळ, दूर्वा आणि पैसे कापडात निवडतात, तेव्हा इतर जणी देवदेवतांची गाणी म्हणतात. मग वधूची किंवा वराची आई आणि वादक ढोलकाची पूजा करतात. त्यानंतर नाच-गाणे रंगते. ढोलकाला लोटा, थाळी आणि चमचे यांची साथ असते. २०१६ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारसा यादीत त्याची नोंद झाली. आता ते घराबाहेर, सार्वजनिक कार्यक्रमांतही होते. विधीचा रंगमंचावरचा प्रयोग झाला की लांबी, क्रम आणि प्रेक्षक तिन्ही बदलतात.

वाद्यांची गोष्ट वेगळी. त्यांना साहित्य लागते आणि त्यांच्यावर बंदीही घालता येते. १७३९ च्या स्टोनो येथील गुलामांच्या उठावानंतर अमेरिकेतील दक्षिण कॅरोलिनाच्या १७४० च्या कायद्याने गुलामांना ढोल व शिंगे वापरण्यास मनाई केली. त्रिनिदादमध्ये १८८० च्या दशकात चामडी ढोलांवर निर्बंध आले, तेव्हा लोक बांबूच्या नळ्या जमिनीवर आपटून ताल धरू लागले. १९३० च्या दशकात बांबूची जागा पत्र्याच्या डब्यांनी घेतली आणि पुढे तेलाच्या पिंपांपासून स्टीलपॅन घडले. बंदीने ताल थांबला नाही, साहित्य बदलले. भारतीय वंशाच्या लोकांकडचे धंताल हे त्याहून साधे वाद्य : लांब लोखंडी कांब आणि ती वाजवायला नालाच्या आकाराचा लोखंडी तुकडा. भारतात ते आज क्वचितच आढळते, त्रिनिदादमध्ये मात्र सर्रास. परिघावर टिकलेले रूप केंद्रात दुर्मीळ होऊ शकते, ते असे.

क्षेत्रकार्यात, म्हणजे लोकांमध्ये जाऊन केलेल्या अभ्यासात, एकच गाणे तीनदा टिपावे : आधी प्रत्यक्ष प्रसंगी, अखंड, नंतर गायिकेला निवांत बसवून, शेवटी फक्त शब्द, अर्थासह. सोबत ती ते कोणाकडून शिकली, कोणत्या पिढीची, कोणासमोर गाते आणि कधी गात नाही, हेही लिहावे. शक्य असल्यास तीन पिढ्यांचे पाठ, म्हणजे त्याच गाण्याची वेगवेगळी रूपे, मिळवावेत. नेहमीची चूक म्हणजे फक्त सर्वांत वृद्ध व्यक्तीचा पाठ ‘अस्सल’ मानणे. विचारणारा बाहेरचा दिसला की लोक सोवळे, निवडक रूप सांगतात; थट्टेची, अश्लील किंवा मालकाची टवाळी करणारी गाणी गळतात, आणि स्थलांतरितांचे रोजचे जगणे तर त्यांतच अधिक असते. दुसरी चूक, प्रत्येक साम्य मूळ गावाच्या नावे टाकणे. त्रिनिदादच्या भारतीय संगीतात १९३० च्या दशकापासून आयात चित्रपटांचाही वाटा आहे. म्हणून एखादी चाल पूर्वजांसोबत जहाजातून आली की नंतर पडद्यावरून, हे वर्ष व माध्यम तपासूनच ठरवावे लागते.