‘पीडीएफ आहे का कुणाकडे?’ : परवान्यातले शोधनिबंध आणि अत्यवस्थ रुग्ण

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एखाद्या नर्सिंग होममध्ये वेगळ्याच विषबाधेचा रुग्ण येतो. पबमेड या वैद्यकीय निबंधांच्या ऑनलाइन सूचीत नेमका निबंध सापडतो, पण उघडतो फक्त गोषवारा. मग सीपीआर या सरकारी रुग्णालयातल्या ओळखीच्या निवासी डॉक्टरला पूर्ण निबंधाच्या पीडीएफसाठी मेसेज जातो.

छापील अंकांच्या काळात यात अडचण नव्हती. अंक ग्रंथालयाच्या मालकीचा, ग्रंथपाल एका लेखाची झेरॉक्स काढून देई. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ खासगी वापर आणि संशोधनासाठी रास्त वापराची मुभा देतं. रुग्णाच्या तातडीचं वेगळं नाव त्यात नाही.

नियतकालिकं ऑनलाइन आली तसा अंक जाऊन करार आला. संस्था पैसे भरते ते तिच्या अधिकृत वापरकर्त्यांपुरते. बाहेरचा डॉक्टर त्यात सहसा बसत नाही. म्हणून एक लेख पाठवणं वेगळं आणि पासवर्ड देणं वेगळं. पासवर्ड फिरला, कुणी एका बैठकीत शेकडो लेख उतरवून घेतले, की प्रकाशक त्या संस्थेचा आयपी पत्ता, म्हणजे तिची इंटरनेटवरची ओळखच, बंद करू शकतो. मग अख्ख्या कॉलेजचं वाचन अडतं.

मोठ्या आपत्तीत दारं उघडतात. २०१० च्या हैती भूकंपात अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने प्रकाशकांच्या संमतीने निबंध मोफत खुले केले; २०२० मध्ये कोविडचे निबंधही खुले झाले. पण इबोलाची लायबेरियातली चाहूल देणारा १९८२ चा निबंध तिथल्या आरोग्य अधिकाऱ्यांना साथ पसरल्यावरच कळला. आणि एकट्या रुग्णासाठी असं दार कुणी उघडत नाही.

१ जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारची शोधनियतकालिकांसाठीची ‘एक राष्ट्र, एक सदस्यत्व’ योजना सुरू झाली: तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं. लाभ मात्र सरकारी उच्चशिक्षण व संशोधन संस्थांना. गडहिंग्लज-चंदगडचं खासगी रुग्णालय बाहेरच, त्यामुळे मेसेज थांबलेले नाहीत.

मागायचंच तर पीएमआयडी, म्हणजे लेखाचा पबमेडवरचा क्रमांक, देऊन एकच लेख मागावा, तोही पबमेड सेंट्रल या पूर्ण लेखांच्या मोफत संग्रहात नाही ना हे बघून. लेखकाला ईमेल केला तर बरेचदा प्रत मिळते, पण रात्री दोनला त्याचा उपयोग नाही. आलेली पीडीएफ ग्रुपवर टाकू नये. गोषवाऱ्यावरून डोस ठरवणं तर सर्वांत धोक्याचं: वजनानुसार मात्रा, औषध किती पातळ करायचं, मूत्रपिंडाच्या विकारातली कपात हे सगळं आतल्या तक्त्यात असतं. फॉरवर्ड झालेल्या जुन्या पीडीएफवर नंतरची दुरुस्ती किंवा निबंध मागे घेतल्याची सूचना नसते; ती पबमेडच्या पानावर दिसते.