राजीनामा आणि अंतिम हिशेब

राजीनामा आणि अंतिम हिशेब : स्वतःहून नोकरी सोडताना कर्मचारी व मालक यांच्यात होणारी कागदपत्रांची देवघेव आणि उरलेल्या रकमेची चुकती. कंपन्यांमध्ये याला ‘फुल अँड फायनल’ किंवा ‘एफ अँड एफ’ म्हणतात. मुंबईच्या गिरणगावात ‘हिशेब’ एवढाच शब्द होता. ‘हिशेब घेऊन गावी गेला’ याचा अर्थ नोकरी सोडली, फंड (भविष्यनिर्वाह निधी) व ग्रॅच्युइटी (दीर्घ सेवेबद्दल मालकाने द्यायची एकरकमी रक्कम) उचलली आणि मुंबईचा कारभार आटोपला.

राजीनामा हा शब्द फार्सी. मूळ अर्थ संमतीचा कागद. हिंदी-उर्दूत तो आजही तडजोडीच्या लेखासाठी वापरतात, नोकरी सोडण्याला तिथे ‘इस्तीफा’ म्हणतात. मराठीतला अर्थ महसुली व्यवहाराशी जुळणारा आहे. मुंबई इलाख्यात खातेदार जमिनीवरचा कब्जा सोडताना राजीनामा लिहून देई आणि नवा धारक कबुलायत (जमीन पत्करल्याचा कागद) लिहून देई. दोन्ही कागद झाले की व्यवहार पुरा. नोकरीतही राजीनामा हा निम्माच कागद असतो. उरलेला निम्मा, म्हणजे स्वीकृती आणि कार्यमुक्तीचे पत्र, समोरच्याने लिहायचा असतो, आणि बहुतेक भांडणे तिथेच होतात.

पत्र दोन ओळींचे पुरते : राजीनामा देत आहे आणि कामाचा शेवटचा दिवस अमुक. कारण सविस्तर लिहिण्याची गरज नाही. रागाच्या भरात लिहिलेले कारण पुढे फाइलमध्ये राहते. ईमेलने दिल्यास त्याची प्रत स्वतःच्या खासगी पत्त्यावर ठेवावी, कारण कंपनीचा ईमेल शेवटच्या दिवशी बंद होतो.

नोटिशीची मुदत नेमणूकपत्रात लिहिलेली असते. मासिक पगारावरच्या कायम कामगाराला आदर्श स्थायी आदेशांनुसार (सेवाशर्तींचे सरकारी नमुना नियम) एक महिना, तर आयटी कंपन्यांत ९० दिवस सर्रास आढळतात. मुदत पुरी केली नाही तर उरलेल्या दिवसांचा पगार (‘नोटीस पे’) कापला जातो; कधी नवी कंपनी तो भरून देते. या वसुलीवर जीएसटी लावण्याचा प्रकारही काही काळ चालला होता. ऑगस्ट २०२२च्या परिपत्रकाने तो थांबवला. मात्र माणसाला जबरदस्तीने कामावर ठेवता येत नाही. वैयक्तिक सेवेचा करार न्यायालय राबवायला लावत नाही, भरपाई तेवढी मागता येते. बाँडचेही (ठरावीक वर्षे नोकरी न केल्यास पैसे भरण्याचा करार) तसेच : विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५मध्ये तीन वर्षे नोकरी किंवा दोन लाख रुपये ही अट वैध ठरवली.

शेवटच्या आठवड्यात ‘नो ड्यूज’चा कागद फिरतो. सरकारी कार्यालयात तोच ‘ना-देय प्रमाणपत्र’ होतो. एकाखाली एक रकाने : स्टोअर, कॅन्टीन, लेखा विभाग, आयटी, सिक्युरिटी. लॅपटॉप जमा होतो, पण चार्जर बदललेला निघतो. लॉकरची दुसरी किल्ली घरी राहिलेली असते. स्टोअरचा माणूस जेवायला गेलेला असतो. एक सही अडली की सगळे अडते. याच गठ्ठ्यात बऱ्याचदा ‘माझे कंपनीकडे काहीही येणे नाही’ असे छापील वाक्य असते आणि पैसे हाती पडण्याआधीच त्यावर सही मागितली जाते. ‘रक्कम मिळाल्यावर लागू’ असे शेजारी लिहिणे शहाणपणाचे. ग्रॅच्युइटीसारखा कायद्याने दिलेला हक्क अशा सहीने सहसा संपत नाही, पण वाद मात्र वाढतो.

हिशेबात उरलेल्या दिवसांचा पगार, शिल्लक रजेचे पैसे, ग्रॅच्युइटी व देय असलेला बोनस जमेला येतात; नोटीस पे, उचल, कर्जाचे हप्ते आणि कर वजा होतात. जुन्या वेतन कायद्यात कामाच्या दोन दिवसांत पैसे चुकते करण्याचे बंधन मालकाने कामावरून काढल्यासच होते. वेतन संहिता, २०१९ने राजीनामा देणाऱ्यालाही त्यात घेतले; ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५पासून अमलात आली. ‘पंचेचाळीस दिवसांत करू’ ही मनुष्यबळ विभागाची जुनी सवय मात्र एका अधिसूचनेने जाण्यातली नाही. रजेबाबत महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यात ४५ दिवसांपर्यंत अर्जित रजा साठवता येते, जुन्या कारखाने अधिनियमात ही मर्यादा ३० होती. बोनस लोक हमखास विसरतात. वर्षात किमान ३० दिवस काम केलेला पात्र कर्मचारी दिवाळीपूर्वी निघून गेला, तरी त्या दिवसांपुरता बोनस त्याचा असतो.

ग्रॅच्युइटी १९७२च्या कायद्याने आली. आता ती सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. सलग पाच वर्षे सेवा लागते, मुदतबंद करारावरच्यांना नव्या संहितेत एक वर्ष पुरते. शेवटचे मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून २६,००० रुपये आणि सेवा ७ वर्षे ८ महिने असेल, तर २६,०००ला २६ने भागून १५ने गुणायचे : १५,०००. सहा महिन्यांवरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणून आठ वर्षांचे १,२०,००० रुपये. पैसे देण्याची मुदत ३० दिवस, कमाल मर्यादा २०१८पासून २० लाख. चार वर्षे २४० दिवसांना पाच वर्षे मानावे, असे मद्रास उच्च न्यायालयाने म्हटले आहे. कंपन्या ते सरसकट मानत नाहीत. नोटीस पुरी केली नाही म्हणून ग्रॅच्युइटी बुडवता येत नाही.

भविष्यनिर्वाह निधी या हिशेबात येत नाही, तरी ‘माझा पीएफ कधी देणार’ हा प्रश्न कंपनीलाच विचारला जातो. पैसे निधी संघटनेकडे असतात आणि यूएएन (सदस्याची कायमची ओळख असलेला) क्रमांक नोकरी बदलली तरी तोच राहतो. कंपनीने तिथे नोकरी सोडल्याची तारीख भरायची असते. ती भरली नाही, किंवा कार्यमुक्तीच्या पत्रावर ३१ मे आणि पोर्टलवर १५ जून असे झाले, तर दोन नोकऱ्या एकावर एक चढलेल्या दिसतात आणि नव्या कंपनीचा पडताळणी विभाग फोन करतो. शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी सदस्याला ही तारीख स्वतःही भरता येते. पाच वर्षांची सेवा होण्याआधी रक्कम काढल्यास कर लागतो, म्हणून ती नव्या खात्यात वळवणे बरे. प्राप्तिकरात आणखी एक खड्डा आहे : एकाच वर्षात दोन कंपन्यांनी प्रमाणित वजावट (पगारदाराला सरसकट मिळणारी सूट) आणि करमुक्त टप्पा आपापल्या परीने दिला, तर फरक विवरणपत्र भरताना खिशातून जातो. नव्या कंपनीला जुन्या पगाराचा तपशील सुरुवातीलाच दिला की हे टळते.

सरकारी नोकरीत राजीनाम्याचा अर्थ अधिक कठोर आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ प्रमाणे राजीनामा दिला की आधीची सेवा निवृत्तिवेतनासाठी बाद होते. १ नोव्हेंबर २००५पूर्वी लागलेल्यांसाठी, म्हणजे जुन्या निवृत्तिवेतनाच्या हक्कदारांसाठी, हा घाव मोठा. वीस वर्षे झालेला माणूस तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेतो तेव्हा त्याला निवृत्तिवेतन मिळते. त्याच दिवशी त्याने ‘राजीनामा’ शब्द लिहिला तर मिळत नाही. अपवाद परवानगीने दुसऱ्या सरकारी पदावर जाणाऱ्याचा. तो राजीनामा तांत्रिक मानला जातो आणि जुनी सेवा जोडली जाते. म्हणूनच अशा अर्जावर ‘कार्यालयामार्फत’ हा शिक्का आहे की नाही, हे मुरलेला हेडक्लार्क सगळ्यात आधी बघतो.